पावलाखालचा दाब: मधुमेही पायाच्या सेन्सर तपासणीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साखर असलेल्या माणसाला डॉक्टर ‘फूट प्रेशर’ची तपासणी करून घ्यायला सांगतात आणि घरी प्रश्नांची रांग लागते. तपासणीच्या खोलीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. खुर्ची, गादी आणि तोल यांच्याशी संबंधित काही प्रश्नही शेवटाकडे घेतले आहेत, कारण तिथले तंत्र याच घराण्यातले आहे.

वडिलांना बारा-पंधरा वर्षे साखर आहे, पण पाय अजिबात दुखत नाहीत. मग तपासणी कशाला?

पाय दुखत नाहीत हीच काळजीची गोष्ट असू शकते. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. आधी मुंग्या येतात, रात्री आग होते, आणि मग एक दिवस तीही थांबते. घरच्यांना वाटते, बरे वाटायला लागले. खरे तर धोक्याची घंटाच बंद पडलेली असते. चपलेत खडा गेला तर तुम्ही आम्ही दोन पावलांत थांबतो. बधिर पायाचा माणूस तोच खडा घेऊन बाजार करून येतो आणि संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसले की त्याला कळते.

म्हणून आधी साधी तपासणी होते. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात आणि डोळे मिटून ‘कळले का’ म्हणून विचारतात. तो कळला नाही, किंवा कंपनांची जाणीव कमी निघाली, तर पुढचा प्रश्न येतो: न जाणवणारा दाब नेमका कुठे साठतो आहे? तो सेन्सरशिवाय कळत नाही.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10.1 कोटी लोक आहेत. या सगळ्यांनी दाबाची तपासणी करावी असे मुळीच नाही. तंतूची चाचणी मात्र प्रत्येकाची वर्षातून एकदा व्हायला हवी. दाबाची तपासणी बधिरपणा असलेल्यांसाठी, पायाचा आकार बदललेल्यांसाठी आणि सगळ्यात आधी, पूर्वी एकदा जखम होऊन भरलेल्यांसाठी आहे.

तपासणीत नेमके काय करतात? सुई वगैरे टोचतात का?

काहीही टोचत नाहीत. दोन प्रकार आहेत. पहिल्यात जमिनीत बसवलेल्या सेन्सरच्या पट्टीवरून अनवाणी चालायचे. दुसऱ्यात तुमच्याच चपलेत किंवा बुटात, सुखतळ्याच्या वर, सेन्सरचा एक पातळ पापुद्रा सरकवतात. काही पापुद्रे जेमतेम कागदाइतके जाड असतात आणि त्यात शेकडो टिपणबिंदू असतात. काही जरा जाड, सुमारे 2 मिलिमीटरचे, त्यात प्रत्येक पायाला 99 सेन्सर. वायर किंवा ब्लूटूथने आकडे संगणकावर येतात.

मग नेहमीच्या चालीने चालायचे. इथे गंमत होते. मशीन दिसले की माणसे परेडला निघाल्यासारखी चालतात. म्हणून पहिल्या एक-दोन फेऱ्या आम्ही मोजतच नाही, उगाच गावाकडच्या गप्पा काढतो. माणूस बोलण्यात रमला की खरी चाल बाहेर येते. पहिले आणि शेवटचे पाऊल सोडून मधल्या पावलांची सरासरी धरतात. साध्या चालण्यासाठी सेकंदाला 50 ते 100 वेळा नोंद घेतली की पुरते.

पायावर उघडी जखम आहे. तपासणी आजच करून घ्यावी का?

नाही. उघड्या जखमेवर चालवून दाब मोजायचा नसतो. आधी डॉक्टरांकडे जा. जखम भरेपर्यंत त्या जागेवरचा भार काढणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो, आणि त्यासाठी बहुतेकदा प्लास्टर किंवा न निघणारा खास बूट घालतात. तसेच, एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला दिसत असेल तर दुखत नसला तरी त्यावर चालू नका. बधिर पायात हाडे आतल्या आत मोडत असतील तर बाहेरून एवढेच दिसते. त्याच दिवशी दाखवा.

सेन्सरला दाब कळतो कसा?

सर्वात जास्त दिसणारा प्रकार रोधाचा. दोन पातळ थरांमध्ये वाहक शाई असते. दाबले की त्यांचा स्पर्श वाढतो, विजेला होणारा अडथळा कमी होतो, आणि त्यावरून दाब काढतात. दुसरा प्रकार धारितेचा: दोन धातूचे पत्रे, मध्ये लवचीक थर. दाबले की पत्रे जवळ येतात आणि त्यांच्यात साठणारा विद्युतभार बदलतो. हा महाग, पण आकडे जास्त स्थिर देतो. तिसरा प्रकार दाब बदलला की वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकांचा. तो उडी, धाव अशा झटक्यांना उत्तम, पण नुसते उभे राहिलात तर त्याचा आकडा ओसरत जातो. त्यामुळे उभे राहण्याची ढब मोजायला तो उपयोगाचा नाही.

हे तंत्र अगदी नवीन आहे का?

मुळीच नाही. 1870 च्या दशकात फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे आणि त्यांचे विद्यार्थी कार्ले यांनी बुटाच्या तळात हवेच्या पिशव्या बसवल्या. पाऊल पडले की हवा रबरी नळीतून हातातल्या नोंदयंत्रापर्यंत जाई आणि काजळी लावलेल्या कागदावर रेघ उमटे. 1947 मध्ये कॅनडाच्या सैनिकांच्या पायांची पाहणी करताना हॅरिस आणि बीथ यांनी उंच-सखल रेघांची रबरी चटई वापरली. तिला शाई लावून वर कागद ठेवायचा आणि त्यावर पाय द्यायचा. जिथे दाब जास्त तिथे ठसा गडद. अशी शाईची चटई अजूनही वापरात आहे, आणि लहान गावातल्या दवाखान्यासाठी ती वाईट नाही. पुढे कडेने उजेड सोडलेल्या काचेवर पाय ठेवून खालून चित्र घेण्याची पद्धत आली.

पण बधिर पायाचे खरे शास्त्र भारतात घडले. पॉल ब्रँड हे 1914 मध्ये तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले ब्रिटिश शल्यविशारद 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे आणि पाय रोगामुळे आपोआप झडतात अशी तेव्हा पक्की समजूत होती. ब्रँड यांनी दाखवले की मांस निरोगी असते, नाहीशी झालेली असते ती वेदना. माणूस त्याच जागेवर तसाच चालत राहतो म्हणून जखम होते. पायात खिळा घुसल्यासारखा एकच मोठा आघात क्वचित होतो. रोज हजारो वेळा येणारा मध्यम दाब जास्त घातक. निरोगी माणूस लांब चालताना नकळत वजन टाकायची जागा बदलत राहतो, थोडा लंगडतोही. बधिर पाय ते करत नाही. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर त्यांच्या गटाने दाबाने फुटणाऱ्या रंगाच्या सूक्ष्म कणांचा मोजा बनवला. तो घालून चालले की दाबाच्या जागी रंग उमटे. आजचा सेन्सर म्हणजे त्या मोज्याचाच विजेवर चालणारा वारस.

मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या, चपला याच कामातून रूढ झाल्या. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात त्या आजही मोफत मिळतात. मधुमेहाच्या चपलेत तेच रबर असते, फक्त कित्येकांना ‘कुष्ठरोग्याची चप्पल’ नको असते म्हणून वरचा पट्टा जरा झोकदार करतात.

रिपोर्टमध्ये लाल रंग दिसतोय. घाबरायचे का?

नुसत्या रंगावरून नाही. रंगाची पट्टी संगणकात बदलता येते. तोच पाय एका पट्टीवर लालभडक आणि दुसऱ्यावर हिरवा दिसतो. रिपोर्ट हातात आला की आधी बाजूची पट्टी बघा, वरचे टोक किती किलोपास्कलवर आहे ते पाहा आणि मगच चित्राकडे या.

किलोपास्कलचा अंदाज यावा म्हणून एक ओळखीची गोष्ट सांगतो: पेट्रोल पंपावर कारच्या चाकात 30 पीएसआय हवा भरता ना, ती सुमारे 207 किलोपास्कल. बुटाच्या आत चालताना कोणत्याही जागी दाब 200 किलोपास्कलच्या खाली ठेवायचा, असे आंतरराष्ट्रीय मधुमेही पाय कार्यगटाच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तळव्याला पूर्वी जखम होऊन भरलेल्यांसाठी हे आहे. ते जमत नसेल तर आधीच्या उपचारी बुटापेक्षा त्या जागेचा दाब निदान 30 टक्क्यांनी उतरला पाहिजे. त्यातली तळटीप मात्र बरेच जण वाचत नाहीत: 200 चा आकडा 2 चौरस सेंटिमीटरच्या, नीट कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे माहीत असलेल्या दाबाशी आकडे जुळवून घेतलेल्या, सेन्सरसाठी आहे. बारीक सेन्सर टोकाचा दाब जास्त दाखवतो, मोठा सेन्सर तो आजूबाजूला वाटून कमी दाखवतो. म्हणून एका केंद्रावरचा आकडा दुसऱ्या केंद्राच्या आकड्याशी तोलू नका.

अनवाणी मोजणीचे आकडे याहून बरेच मोठे येतात, आणि जखम होणार की नाही हे ठरवायला त्यातला कोणताही एकच आकडा पुरत नाही.

नुसते उभे राहून काढलेले चित्र चालत नाही का?

उभ्याने भार बहुतेक टाचेवर असतो: साधारण 60 टक्के टाचेवर, 28 टक्के चवड्यावर, उरलेला मधल्या भागावर आणि बोटांवर. टाचेखालचा सर्वोच्च दाब चवड्याच्या अडीच पटींहून जास्त. आणि मधुमेहाच्या जखमा बहुतेक होतात कुठे? चवड्याखाली आणि अंगठ्याखाली. कारण चालताना टाच उचलली की सगळे अंग क्षणभर त्या चार बोटे रुंदीच्या पट्टीवर येते. जुन्या साखरेने घोट्यामागची शीर आखडते, घोटा पुरेसा वाकत नाही, टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावरचा भार लांबतो. बोटे आकडली की चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते, हाडाचे टोक थेट कातडीवर बसते. यातले काहीच उभ्याच्या चित्रात दिसत नाही.

मॉलमध्ये किंवा प्रदर्शनात काचेवर उभे करून रंगीत चित्र काढतात आणि लगेच हजारो रुपयांचे सुखतळे गळ्यात मारतात, त्याबद्दल एवढेच म्हणेन: बधिर पायाच्या माणसाने तिथून काही घेऊ नये. कडक कमान असलेला सुखतळा बधिर पायात स्वतःच जखम करू शकतो.

पायाला मोठी भोवरी आहे. ती तपासणीआधी काढावी की नंतर?

दोन्ही वेळा मोजता आले तर उत्तम, कारण फरक रुग्णाला डोळ्यांनी दिसतो. कडक घट्टा बधिर पायात बाहेरून दाबणाऱ्या वस्तूसारखाच वागतो. 1992 च्या एका ब्रिटिश अभ्यासात घट्टा खरवडून काढल्यावर त्या जागेचा सर्वोच्च दाब 26 टक्क्यांनी उतरला होता. कोणतीही चप्पल न बदलता एवढा फरक! मात्र घरी ब्लेड, नेलकटर, कॉर्नकॅप (भोवरीवर चिकटवायची औषधी पट्टी) यातले काहीही वापरू नका. कॉर्नकॅपमधले आम्ल कातडी जाळते आणि बधिर पायाला ते कळत नाही. घट्ट्याखाली काळसर डाग दिसत असेल तर आत रक्त साकळलेले असते. ती बंद जखमच समजा.

तपासणी झाली, रिपोर्ट फाइलला लावला. पुढे काय?

खरे काम इथून सुरू होते आणि नेमके इथेच बहुतेक प्रकरणे थांबतात. चित्र काढल्याने पाय बरा होत नाही. चित्रात दिसलेल्या जागेखाली सुखतळा कोरायचा, त्या जागेच्या मागे छोटा उंचवटा द्यायचा, तळ कडक करून पुढून गोलावायचा, म्हणजे पाऊल न वाकता पुढे गडगडते. आणि मग तोच सेन्सर नव्या जोडीत घालून पुन्हा चालवायचे. उंचवटा अर्धा सेंटिमीटर पुढे सरकला तरी दाब कमी होण्याऐवजी वाढतो, आणि हे कारागिराच्या बोटांना कितीही अनुभव असला तरी कळत नाही. कारागीर आणि मशीन एकाच छताखाली असतील तर खडूने खूण करून, घासून, पुन्हा मोजून तासाभरात काम होते.

म्हणून पैसे भरण्याआधी एकच विचारा: ‘नवीन चप्पल घालून दुसरी मोजणी यात धरली आहे का?’ नाही म्हणाले तर अर्धीच तपासणी विकत घेताय.

नवीन बूट बाहेर जाताना घालतो. घरात अनवाणी चालले तर चालेल ना?

नेदरलँड्समध्ये 171 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाब मोजून सुधारलेल्या बुटांची तुलना नेहमीच्या उपचारी बुटांशी केली. सगळे रुग्ण एकत्र धरले तर पुन्हा जखम होण्यात ठळक फरक दिसला नाही. पण ज्यांनी 80 टक्के किंवा जास्त पावले बुटातच टाकली, त्यांच्यात सुधारित बूटवाल्यांपैकी 25.7 टक्क्यांना जखम झाली, नेहमीच्या बूटवाल्यांपैकी 47.8 टक्क्यांना. याच रुग्णांच्या पाहणीत असेही दिसले की बाहेर माणसे सुमारे 87 टक्के पावले बुटात टाकत, घरात 61 टक्केच.

हे डच घरांतले. आपल्याकडे चपला उंबऱ्याबाहेर काढतात, स्वयंपाकघरात तर प्रश्नच नाही. महिन्याभराने एखाद्या आजी जोडी घेऊन येतात, तळ कोरा करकरीत, सुखतळ्यावर अंगठ्याचा ठसासुद्धा नाही. ‘वापरते की, देवळात जाताना घालते’ म्हणतात. आणि देवळात ती बाहेरच काढून ठेवावी लागते! दिवसातली बहुतेक पावले ओटा, देवघर, बाथरूम याच फेऱ्यांत पडतात. म्हणून आम्ही दोन जोड्या सांगतो. घरातली जोडी कधीच उंबऱ्याबाहेर जात नाही, तिचा तळ पुसता येतो, मग सासूबाईंचाही आक्षेप राहत नाही. दोन जोड्यांचा खर्च झेपत नसेल तर आधी घरातली करा.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचा नेम आहे. वारीलाही जायचे आहे.

तळव्याला जाणीव नसेल तर अनवाणी नेम सोडा, दुसरा कोणताही धरा. दुपारच्या डांबरावर किंवा देवळाच्या फरशीवर भाजून आलेले फोड आम्ही दरवर्षी बघतो, आणि भाजले हे त्या माणसाला दुसऱ्याने सांगितलेले असते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण 250 किलोमीटर. तयारी नसलेल्या बधिर पायाला ते फार आहे. जायचेच तर आधी डॉक्टरांना विचारा, महिनाभर आधी मोजून घेतलेल्या आणि रुळलेल्या बुटात जा, रोज मुक्कामी दुसऱ्या कोणाला तरी तळवे बघायला सांगा, आणि पावसात भिजलेले मोजे लगेच बदला. अवघड वाटेला वाहनात बसल्याने विठोबा रागावत नाही.

दिवसभर बुटातच राहणारे, घड्याळावर इशारा देणारे सुखतळे मिळतात म्हणे. ते घ्यावेत का?

कल्पना चांगली आहे, पुरावाही आश्वासक आहे. मँचेस्टरच्या गटाचा 2019 मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास बघा: सुखतळ्यातले सेन्सर एखाद्या जागेवर दाब फार वेळ टिकला की घड्याळावर इशारा देत, मग माणूस चालून किंवा बसून भार हलवी. इशारा मिळणाऱ्यांमध्ये तळव्याच्या जखमांचे प्रमाण 71 टक्क्यांनी कमी निघाले. पण 58 जणांनी अभ्यास पूर्ण केला, म्हणजे आकाराने तो लहानच. माझे मत असे की ज्याच्या घरी तंतूची तपासणी आणि बरी चप्पल अजून पोहोचलेली नाही, त्याने आधी तिथे खर्च करावा. आणि इशारा आल्यावर उठणारा माणूस असेल तरच हे उपयोगी. गजर बंद करून झोपणाऱ्यांसाठी नाही.

घेतलेच तर चालण्याची नोंद कोणाच्या सर्व्हरवर जाते ते विचारा. आपली चाल ही आपली खासगी माहिती आहे.

सेन्सर काय मोजू शकत नाही?

बहुतेक सेन्सर फक्त खाली जाणारा दाब मोजतात. कातडी पुढे-मागे ओढली जाते, घासते, तो घासा त्यांना दिसत नाही, आणि फोड येण्यात त्याचा मोठा वाटा असतो. बुटाच्या बाजूने किंवा वरून होणारा दाबही सुटतो. अरुंद बुटाने करंगळीला झालेली जखम या चित्रात कधीच दिसणार नाही, तिथे हाताने चाचपूनच बघावे लागते. शिवाय रक्तपुरवठा कसा आहे हे यातून कळत नाही. तो वेगळा तपासावा.

ऑफिसच्या खुर्चीत सेन्सर लावून पाठीची ढब सुधारते का?

बैठकीवर भार डावीकडे की उजवीकडे, पुढे की मागे, हे ती चटई छान सांगते. कणा कसा वाकला आहे ते सांगत नाही. पाठ वाकवूनही भार दोन्हीकडे सारखा ठेवता येतो. मला तिचा उपयोग एकाच गोष्टीला वाटतो: तासभर जागचे हलला नाहीत, उठा, एवढे सांगायला.

व्हीलचेअरवरच्या माणसाचे मात्र वेगळे. मणक्याला इजा झालेल्यांना बैठकीच्या हाडांखालचा दाब जाणवत नाही आणि तिथे खोल जखमा होतात. त्यांची गादी निवडताना दाबचटईवर बसवून बघणे फार मोलाचे. तिथे 32 मिलिमीटर पारा (रक्तदाब मोजतात तेच एकक) हा आकडा सुरक्षित दाबाची मर्यादा म्हणून सारखा ऐकू येतो. तो 1930 मध्ये निरोगी माणसांच्या नखाजवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत मोजलेला आहे. त्याला लक्ष्मणरेषा मानू नये. किती दाब याइतकेच, किती वेळ दाब, हे महत्त्वाचे.

आई चालताना डुलते, पडायची भीती वाटते. तोल मोजता येतो का?

येतो. सेन्सर असलेल्या फळीवर उभे केले की भाराचा मध्यबिंदू किती आणि किती वेगाने हलतो याची रेघ मिळते. निन्टेन्डोच्या वी या व्हिडिओ गेम यंत्रासाठी 2007 मध्ये आलेल्या फळीत चार कोपऱ्यांत चार भारमापक होते, आणि संशोधकांनी ती स्वस्तातली तोलफळी म्हणून भरपूर वापरली. आईंसाठी मात्र आधी चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि बाथरूममधली पकडदांडी तपासा.

मुलाचे पाय सपाट आहेत, त्याचीही करून घेऊ का?

पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचे पाय सपाटच दिसतात. चवड्यांवर उभे केल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल तर खेळू द्या.

आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, प्रोजेक्टसाठी स्वस्तात सेन्सरवाला सुखतळा बनवतोय. काही सूचना?

दाबाने रोध बदलणाऱ्या काळ्या वाहक प्लास्टिकवर चांगला नमुना बनतो. अडचण पुढे आहे. दाब चढताना आणि उतरताना एकाच वजनाला वेगळे आकडे येतात, सतत दाबून ठेवले की आकडा सरकत राहतो, घामाने आणि उष्णतेने बदलतो, आणि बूट वाकला की कोणी पाय न देताही दाब दिसतो. म्हणून ओळखीच्या वजनांनी, पायाच्या तापमानाला, वापराआधी आणि नंतरही कॅलिब्रेट करा. नमुन्यावर ‘मधुमेहाच्या रुग्णांसाठी’ असे लिहिण्याआधी 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम वाचा. आणि वायरची गाठ तळव्याखाली येऊ देऊ नका. बधिर पायात तीच जखम करेल.

तपासणीला येताना काय आणावे?

घरात, बाहेर आणि कामावर जे जे पायात घालता ते सगळे, जुने झिजलेले आधी. नवे कोरे बूट घालून येऊ नका. रोजचे मोजे, आधीच्या रिपोर्टची प्रत आणि जखम झाली होती तेव्हाचे मोबाइलमधले फोटो असतील तर तेही. सोबत घरातले कोणी तरी असावे, म्हणजे तळव्यावर रोज कुठे बघायचे ते त्यांनाच बोट ठेवून दाखवता येते.